पत्र्याखालचं ऊन

नाशिकच्या द्वारका चौकात टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. खिडकी उघडली तर हॉर्नमुळे बोलता येत नाही, बंद केली तर उकाड्याने बसवत नाही. इंदिरानगरच्या घरून मी रोज स्कूटरवर तिथे येते. कॉलेजात बरीच वर्षं भूगोल शिकवला. हवामानबदल हा धडा दर वर्षी त्याच उदाहरणांनी, परीक्षेपुरता शिकवायचा कंटाळा आला, तेव्हा नोकरी सोडून जिल्ह्यातल्या बायकांच्या गटांना एकमेकींशी जोडायचं हे काम घेतलं. नवऱ्याला वाटलं होतं, हौस आहे, फिटेल. आता तो माझ्याहून बऱ्या पोळ्या करतो.

आपा मला या कामातच भेटली. ती मालेगावची. माझ्याहून थोडी लहान, पण सगळा मोहल्ला तिला आपा म्हणतो म्हणून मीही म्हणते. यंत्रमागाला जे आडवं सूत लागतं ते छोट्या कांड्यांवर गुंडाळून द्यावं लागतं. हे कांड्या भरायचं काम तिच्या गल्लीतल्या बायका घरात बसून करतात. आपाची आई हेच करायची, आपाही हेच करत मोठी झाली. घरं बहुतेक पत्र्याची. पंखा लावला की कापसाचा भुरा उडतो, सूत हलतं आणि तुटतं, म्हणून पंखा बंद ठेवायचा. वैशाखात दुपारी त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले तेव्हा थोड्याच वेळात मला भोवळ आली. आपाने माझ्या डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात शेजारणीला लिंबू आणायला सांगितलं. तिचा आवाज मोठा, कारण जन्मभर मागांच्या खडखडाटावर बोललेली बाई. हळू बोलणं तिला येतच नाही.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर उष्णतेच्या आराखड्याची सरकारी बैठक होती. ऊन वाढलं की दुपारी कोणाची कामं थांबवायची, पाणी कुठे ठेवायचं, दवाखान्यात काय तयारी हवी, हे त्या आराखड्यात ठरतं. आम्हा संस्थांनाही बोलावलं होतं. मसुद्यात बांधकाम मजूर होते, द्राक्षबागेतल्या बायका होत्या, फेरीवाले होते, वाहतूक पोलिस होते. सगळ्यांवर मथळा एकच: उघड्यावर काम करणारे.

आपा उभी राहिली. "साहब, इसमें हम लोग किधर हैं?"

"तुम्ही कुठे काम करता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"घर में."

"मग तुम्ही सावलीतच आहात की!"

खोलीत दोन-चार जण हसले. अधिकारी माणूस वाईट नव्हता, टिंगलही त्याने केली नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

"सावली पत्र्याची आहे, साहब," आपा म्हणाली. "दोपहर में आके बैठो एक बार."

"हे बघा, हे मी ठरवत नाही. वरून सूचना येतात, त्यात जे गट दिलेले असतात ते आम्ही घेतो."

"वर म्हणजे कोण?"

"राज्य. राज्याच्या वर केंद्र." मग हात आणखी वर नेत ते म्हणाले, "आणि त्याच्याही वर ते जागतिक करार वगैरे असतात ना."

बाहेर येऊन आम्ही रसवंतीत बसलो. मी चिडले होते, आपा मात्र विचारात होती. उसाचा रस अर्धा संपवून ती म्हणाली, "ताई, मग एकदम वरूनच सुरुवात करू. खालून चढत गेलं तर मी म्हातारी होईन."

मी हसले. ती हसली नाही. "तू ते परदेशातल्या बायकांशी बोलतेस ना कम्प्युटरवर? त्यांना सांग."

अशा बैठकांना मी असायची हे खरं. जगभरातल्या बायकांच्या संस्थांचं एक जाळं होतं. हवामानाच्या जागतिक परिषदेत देश एकमेकांशी वाटाघाटी करतात, त्या मसुद्यांत बायकांचे प्रश्न यावेत म्हणून ते खटपट करायचं. मी त्यांच्या ऑनलाइन बैठकांना श्रोत्यासारखी बसायची. बोलायची वेळ कधी आली नव्हती, आणि खरं तर मी ती येऊ दिली नव्हती. पुढच्या बैठकीला आपा मालेगावहून सकाळच्या एसटीने आली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी माइक सुरू केला, आणि खाली चौकात तीन ट्रकवाल्यांनी एकदम हॉर्न वाजवले. आफ्रिकेतल्या एका बाईने कौतुकाने विचारलं, "तुमच्याकडे लग्नाची वरात आहे का?" त्या एका प्रश्नावर आमची मैत्री झाली.

पण घरात काम करणाऱ्यांनाही उन्हापासून संरक्षण हवं, ही आमची मागणी पुढे सरकेना. सगळ्या गटांनी मिळून मोजक्याच मागण्या ठेवायच्या असा त्या जाळ्याचा नियम होता, कारण फार मागितलं की देशांचे प्रतिनिधी काहीच ऐकत नाहीत. बैठक चालवणारी लॅटिन अमेरिकेतली वकीलबाई शिस्तीची होती. मी नकाशे दाखवले, तापमानाबद्दल बोलले, वर्गात शिकवल्यासारखं सगळं नीट मांडलं. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरची तरुण बाई शांतपणे ऐकत होती. माझं झाल्यावर ती म्हणाली, "आमचं गाव समुद्रात चाललंय, आणि तुम्ही पंख्याबद्दल बोलताय."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतंच.

"काय म्हणाली?" आपाने विचारलं. मी सांगितलं. आपाने क्षणभर पडद्यावरच्या त्या मुलीकडे पाहिलं. "तिला विचार, तिच्या घराला छप्पर कशाचं आहे."

मी विचारलं. "पत्र्याचं," ती म्हणाली. "पूर्वी पानांचं असायचं, वादळात उडून जायचं."

"आणि दुपारी बायका काय करतात?" आपाने मला विचारायला लावलं.

"चटया विणतात. विकायला."

"कुठे बसून?"

"घरात," असं म्हणून तिने फोन उचलला, चालत दुसऱ्या खोलीत गेली आणि कॅमेरा फिरवला. पत्र्याखाली तिची मावशी पाय पसरून बसली होती. मानेवर ओलं फडकं, पुढ्यात अर्धी विणलेली चटई. मावशीने फोनकडे बघून हात हलवला.

"अरे, ये तो मेरी खाला है!" आपा एवढ्या जोरात ओरडली की वकीलबाईने कानावरचा हेडफोन काढून ठेवला. खाला म्हणजे मावशी, आपाला ती आपलीच वाटली, हे मी सांगितलं, तेव्हा सगळ्याच हसायला लागल्या. मग आफ्रिकेतल्या मैत्रिणीने तिच्याकडच्या टोपल्या विणणाऱ्यांचं सांगितलं, दुसऱ्या एकीने शिवणकाम करणाऱ्यांचं. बैठक संपताना वकीलबाई म्हणाली, "हा प्रश्न एका गावाचा नाही, हे तुम्ही आधीच का सांगितलं नाहीत?" मला तरी ते कुठे माहीत होतं! माझ्या नकाशांतून ते दिसलं नसतं.

त्यानंतर कितीतरी महिने आम्ही एका वाक्यावर काम केलं. एकच वाक्य, पण ते मसुद्यात जायचं तर त्यातला प्रत्येक शब्द तोलावा लागे. एका खर्ड्यात कोणीतरी लिहिलं होतं, "कुटुंबाच्या व्यवसायात मदत करणाऱ्या स्त्रिया". मी ते आपाला मराठीत वाचून दाखवलं.

"मदत नाही," ती म्हणाली. "काम."

"अर्थ तोच आहे गं."

"तोच असेल तर बदलायला काय हरकत आहे?"

मी ते इंग्रजीत जसंच्या तसं पुढे पाठवलं. शब्द बदलला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

परिषदेला जाळ्यातर्फे आम्हा दोघींची निवड झाली. आपाकडे मक्केच्या यात्रेसाठी, उमऱ्यासाठी काढलेला पासपोर्ट होता. तिच्या मुलींनी बॅगेत खजूर भरले, मी नाशिकचा चिवडा घेतला. शहर थंड होतं आणि परिषदेची जागा एवढी मोठी, की चुकलो तर घरी परत जाऊ की नाही अशी भीती वाटावी. आत मसुदे बनवायचे ते फक्त देशांनी. आमच्यासारख्यांनी बाहेरच्या लांब बोळात उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रतिनिधीला गाठायचं, तो चालत असेल तर त्याच्याबरोबर चालायचं आणि पुढचं दार येईपर्यंत आपलं म्हणणं सांगून टाकायचं. आपाला हे लगेच जमलं. "बाजारात गिऱ्हाईक थांबवतात तसंच आहे," ती म्हणाली आणि चिवड्याचा पुडा उघडून सरळ कोणाच्याही पुढे धरू लागली. तिखट लागून डोळ्यांत पाणी आलेला माणूस दोन मिनिटं तरी हलत नाही, तेवढ्यात मी बोलून घ्यायची.

बेटावरच्या मैत्रिणीच्या देशाने आमचं वाक्य मांडलं: उष्णतेपासून संरक्षण सर्व काम करणाऱ्यांना मिळावं, मग ते उघड्यावर काम करत असोत किंवा स्वतःच्या घरात. लगेच दुसऱ्या एका देशाच्या प्रतिनिधीने आक्षेप घेतला, आणि आमच्या शेवटच्या शब्दांभोवती चौकोनी कंस पडला. तिथली ही रीत आहे. ज्या शब्दांवर एकमत नाही ते कंसात जातात, आणि कंस निघाला नाही तर शब्दच निघतात. मोठ्या पडद्यावर तो कंस बघून आपाने विचारलं, "ही चौकट आपल्याला कशाला?"

मी तिला सांगितलं, "ते म्हणतात, घर ही खाजगी जागा आहे. तिथे जगाने का शिरायचं?"

आपाचा चेहरा लाल झाला. "सूत व्यापाऱ्याचं, कपडा बाजाराचा, फायदा शेठचा. फक्त गरमी आमची खाजगी?"

मी बोळातच वकीलबाईला हे भाषांतर करून ऐकवलं. ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली आणि खळखळून हसली. मग चष्मा पुसत म्हणाली, "हे हिने आत बोलायला हवं. अगदी असंच."

पण बोलायचं कसं? शेवटच्या बैठकीत बायकांच्या सगळ्या गटांना मिळून दोन मिनिटं मिळत. ती दोघींत वाटलेली होती: एक बेटावरची मैत्रीण, एक आफ्रिकेतली. आपा हिंदीत बोलणार, मी इंग्रजीत सांगणार, म्हणजे वेळ दुप्पट लागणार. आम्ही चौघी-पाचजणी कॉफीच्या टेबलाभोवती उभ्या होतो. तेव्हा बेटावरची मैत्रीण म्हणाली, "माझा वेळ तिला द्या."

वकीलबाईने तिच्याकडे बघितलं. "नक्की? तुझ्या गावाबद्दल तुला बोलायचं होतं. त्यासाठी तू केवढ्या लांबून आलीस."

"माझ्या देशाचे लोक आत आहेत, ते समुद्राबद्दल बोलतील. मावशीबद्दल तिथे कोणी बोलणार नाही." ती आपाकडे वळली. "ही बोलेल."

मी हे आपाला सांगितलं. तिने त्या मुलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

त्या सभागृहात लोक मान खाली घालून बसतात. समोर कोणी बोलत असतं आणि सगळे लॅपटॉपमध्ये बघत असतात. आपाची पाळी आली. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली, माइककडे झुकली आणि "अस्सलाम आलेकुम, नमस्ते," म्हणाली. तो आवाज माइकमधून आला तसा रांगेच्या रांगेने माना वर केल्या. कोणाच्या तरी हातातलं पेन पडलं. छोटी छोटी वाक्यं बोलायची असं आमचं ठरलं होतं. ती एक वाक्य बोलायची, मी एक. पत्र्याची खोली. बंद पंखा. गरोदर असताना कांड्या भरता भरता चक्कर येऊन पडलेली तिची शेजारीण. बेटावरची चटई विणणारी मावशी. आणि मग ते व्यापाऱ्याचं सूत आणि आमची खाजगी गरमी. ते इंग्रजीत सांगताना माझा एकही शब्द चुकला नाही. तिथे टाळ्या वाजवायची पद्धत नाही. तरी मागून कोणीतरी वाजवल्या, मग आणखी कोणीतरी, आणि अध्यक्षबाईंनी त्या थांबवल्या नाहीत.

त्यानंतर मसुदा ओळ-ओळ करून पडद्यावर आला. आमच्या ओळीपाशी अध्यक्षबाई थांबल्या. बेटाच्या प्रतिनिधीने बोलायची खूण म्हणून देशाच्या नावाची पाटी उभी केली आणि कंस काढावा असं सांगितलं. मग आफ्रिकेतल्या मैत्रिणीच्या देशाची पाटी उभी राहिली. मग वकीलबाईच्या देशाची. मग ज्यांच्याशी आमचं कधी बोलणंही झालं नव्हतं अशा देशांच्या पाट्या, एकामागून एक. मी आपाला कानात सांगत होते, "हा पण आपला. हा पण." आक्षेप घेणारे गृहस्थ उठून बाहेर गेले, फोनवर बोलून परत आले, बसले, आणि त्यांनी माइक सुरू केला. त्यांचा देश आग्रह धरणार नाही, असं ते म्हणाले.

पडद्यावर बाण हलला. डावीकडचा कंस गेला. उजवीकडचा गेला. किंवा स्वतःच्या घरात, हे शब्द मोकळे उभे राहिले.

"गया?" आपाने विचारलं.

"गेला."

तिने जी आरोळी ठोकली ती तिच्या मोहल्ल्यात लग्नाच्या घरातून ऐकू येते तसली होती. दारावरचा सुरक्षारक्षक धावत आला, ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला बाहेर काढता काढता स्वतःच हसायला लागला. बाहेर आम्ही पाचजणी एकमेकींच्या गळ्यात पडलो होतो. कोण कोणत्या भाषेत रडत होतं कोण जाणे. वकीलबाई शिस्त विसरून चिवड्याचा शेवटचा पुडा थेट तोंडात रिकामा करत होती.

तो कागद म्हणजे कायदा नव्हे, हे मला कळत होतं. नाशिकला परतल्यावर ओळखीतल्या एकाने ते मला आवर्जून ऐकवलंही: "असल्या वाक्यांनी कोणाचं काय होतं?" मी वाद घातला नाही. आम्ही त्या वाक्याचं मराठी केलं, उर्दू केलं आणि कामाला लागलो. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या विडी वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांचे गट जोडले. राज्याने नव्या सूचनांसाठी मतं मागवली तेव्हा आम्ही एकट्या नव्हतो, बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. कोणी "वरून" म्हटलं की आपा शांतपणे म्हणायची, "वरून आणलंय, साहब." सूचना बदलल्या. मग आमच्या आराखड्याचा नवा मसुदा निघाला आणि त्यात एक वेगळा मथळा आला: घरात काम करणाऱ्या महिला.

बैठकीत तो मथळा वाचून दाखवला तो त्याच अधिकाऱ्यांनी. वाचून झाल्यावर ते आपाला म्हणाले, "मी येऊन बसलो नव्हतो. आता येतो." आणि खरंच भर दुपारी मालेगावला आले. पंखा बंद करून आपाच्या खोलीत बसले, कांड्या कशा भरतात ते बघितलं, घामाने निथळत बाहेर आले आणि ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायले. त्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातल्या शाळेचा मोठा वर्ग दुपारी बायकांसाठी उघडा राहिला, पंखे आणि थंड पाण्यासह. आरोग्यसेविका घरोघर फिरू लागली. आणि पत्र्यांवर ऊन परतवणारा पांढरा रंग लावायचं काम मंजूर झालं.

रंग लावायला आम्ही शुक्रवार निवडला. त्या दिवशी माग बंद असतात, गल्ली शांत असते. एवढ्या बायका छपरांवर चढलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते. पुरुष खालून बादल्या देत होते आणि वरून सूचना ऐकत होते. आपाची आई खाटेवर बसून आत छताकडे बघत होती. रंगाचा एक हात झाला, दुसरा झाला. थोड्या वेळाने म्हातारीने नातीला स्टूल आणायला लावलं, तिचा आधार घेऊन चढली आणि पत्र्याला खालून तळवा लावला. तसाच ठेवला, बराच वेळ. मग कोणाला काही न सांगता उतरली, खाटेवर आडवी झाली आणि दुपारच्या वेळी, त्या खोलीत, चक्क झोपली. आपा छपरावरून उतरून दारात आली, ते बघितलं आणि तिने ओढणीने तोंड झाकून घेतलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघींच्या अंगावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. सटाण्याकडच्या, बागलाणातल्या बायका आल्या होत्या. फोनवर फोटो गेले होते, त्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं. त्यातली एक दणकट बाई कोणाला न विचारता लुगडं खोचून शिडीवर चढली. वर उभी राहून तिने सगळी गल्ली पाहिली. एकामागोमाग एक पांढरी छपरं, आणि त्यांवर वाकलेल्या बायका.

"भारी शे!" ती वरून अहिराणीत ओरडली. "आमना गावले कवय येशात?"

आपाने डोळे पुसले, मान वर केली आणि तिच्याहून मोठ्या आवाजात म्हणाली, "पुढच्या जुम्म्याला! ब्रश तुमचे, शिडी आमची!"